घरचा संकरित गोऱ्हा वळू म्हणून राखण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

माळेगावच्या यात्रेचे वेध लागले की लातूर-नांदेडकडच्या पशुपालकांमध्ये कोणाच्या दावणीला कसा गोऱ्हा आहे, याची चर्चा सुरू होते. अलीकडे त्या चर्चेत एक मुद्दा वारंवार ऐकू येतो आणि तो मांडणारे बहुतेक जण मोबाइलवर परदेशातील गोठ्यांच्या चित्रफिती पाहून आलेले असतात. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात मांसासाठी गुरे पाळणारे शेतकरी आपल्याच कळपात जन्मलेले संकरित वळू निवडून वापरतात आणि त्यांची वासरे दांडगी निपजतात. मग आपल्या गोठ्यातला एचएफ (होल्स्टीन) किंवा जर्सी या विदेशी दुधाळ जातींच्या संकराचा धष्टपुष्ट गोऱ्हा गावच्या गाईंना का लावू नये, असा हा युक्तिवाद आहे. तो अर्धा बरोबर आहे आणि म्हणूनच त्याची नीट उलटतपासणी व्हायला हवी. घरचा वळू राखण्याला माझा विरोध नाही. मात्र तो कोणत्या गाईंसाठी राखायचा हे आधी ठरले पाहिजे आणि निवड करताना त्याच्या अंगापेक्षा त्याच्या आईचा व भावंडांचा हिशेब पाहिला पाहिजे, एवढेच मला मांडायचे आहे.

तिकडची पद्धत काय आहे, ते आधी पाहू. नेब्रास्का राज्यातील क्ले सेंटर येथे अमेरिकन सरकारचे मांसपशू संशोधन केंद्र आहे. तेथे अनेक जातींचे रक्त ठरावीक प्रमाणात एकत्र करून संमिश्र गट तयार केले गेले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या आपसातच जोडून त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. ‘मार्क तीन’ या गटात रेड पोल, हिअरफोर्ड, पिंझगाउअर आणि अँगस या चार जातींचा प्रत्येकी चौथा हिस्सा आहे. टेक्सासमधील किंग रँचवर घडलेल्या सांता गर्ट्रुडिस जातीत पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मन रक्त धरले जाते. आणि हे ब्राह्मन म्हणजे तरी काय, तर आपल्याच कांकरेज, गीर, ओंगोल या गुरांपासून, थोड्या कृष्णाकाठच्या गुरांच्या मिश्रणासह, तिकडे तयार झालेली जात. आपल्या भागातल्या देवणी जातीच्या घडणीतही गीरचा वाटा मानला जातो, त्यामुळे ते आपले दूरचे सोयरेच म्हणायचे. सांगण्याचा मुद्दा असा की तिकडचा ‘घरचा संकरित वळू’ हा कोणाही एका गाईचा कोणताही एक गोऱ्हा नसतो. त्याच्यात कोणत्या जातीचा किती हिस्सा आहे हे कागदावर असते, त्याच्याबरोबर जन्मलेल्या बऱ्याच वासरांतून तो निवडलेला असतो आणि वापरण्यापूर्वी त्याची प्रजननक्षमता तपासलेली असते.

दुसरा फरक याहून मोठा आहे. मांसासाठीच्या कळपात पुष्कळदा असा वळू वापरतात की ज्याची नर-मादी सगळीच वासरे विकली जातात. त्याच्या कालवडी कळपात ठेवायच्याच नसल्याने त्यांना दूध किती होईल, त्या वेळेवर माजावर येतील का, उन्हाळ्यात तग धरतील का, याची चिंता त्या वळूपुरती करावी लागत नाही. वासरू लवकर वाढले की काम झाले. आपल्याकडे असे होत नाही. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमातील सुधारणा मार्च २०१५ मध्ये लागू झाल्यापासून राज्यात गाईबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा या पत्राचा विषय नाही, पण त्याचा हिशेबावर होणारा परिणाम टाळता येत नाही. आपल्या वळूची प्रत्येक कालवड कोणाच्या तरी दावणीला गाय म्हणून दहा-बारा वर्षे राहणार असते आणि प्रत्येक गोऱ्हा एक तर औताला जुंपला जातो, नाहीतर मोकाट सुटतो. संकरित गोऱ्ह्याचे वशिंड लहान, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही. वैशाखाच्या उन्हात तो लवकर धापा टाकतो. बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. म्हणजे चुकीच्या वळूची किंमत तिकडे एका हंगामात वसूल होते, आपल्याकडे ती पुढची दोन-तीन वेते मोजावी लागते.

आता गोऱ्ह्याच्या अंगाकडे वळू. देवणी किंवा गावठी गाईला एचएफच्या वीर्याची कांडी भरली की होणारे पहिल्या पिढीचे वासरू आईपेक्षा जोमदार असते, हे खरे आहे. परंतु त्या जोमाचा बराचसा भाग दोन अगदी वेगळ्या जातींचे गुण एका वासरात जोडीने आल्यामुळे दिसतो. तो वळू पुढे आपल्या वासराला त्या जोडीतला एकेकच गुण देऊ शकतो. जोडी तशीच्या तशी देऊ शकत नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे नव्याने शिकवण्याची गरज नाही: सोयाबीनचे घरचे बियाणे आपण चाळून, उगवणक्षमता तपासून पेरतो, पण संकरित कपाशीची सरकी कितीही भरलेली दिसली तरी पुढच्या वर्षी पेरायला ठेवत नाही. दोन जातींच्या संकरातील नर-मादी आपसात जोडले तर पहिल्या पिढीतील जोमापैकी साधारण निम्माच पुढे टिकतो, असा पैदासशास्त्राचा हिशेब आहे. असा वळू पुन्हा देवणी गाईला लावला तरी निम्म्याचाच हिशेब येतो. चार जाती समप्रमाणात मिसळल्या तर तीन चतुर्थांश टिकतो. अमेरिकेतील संमिश्र गटांमागचे गणित हेच आहे. शिवाय दुसऱ्या पिढीत गुणांची फाटाफूट होते. एकाच वळूची एक कालवड आजीवर जाते, दुसरी आजोबावर, आणि तिसरी दूध देते गावठी गाईएवढे पण मागते एचएफएवढे.

म्हणून गोऱ्ह्याकडे पाहण्याआधी त्याच्या आईकडे पाहावे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गिऱ्हाईक गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात पाहते, पाठीवरून हात फिरवते, चालवून खुरांचा ठेवा बघते, शेपटीच्या गोंड्यापर्यंत सगळे तपासते. पण त्याच्या आईच्या दोन वेतांत किती महिन्यांचे अंतर होते, हे विचारणारा मला विरळाच दिसला. औताच्या बैलासाठी ही तपासणी पुरेशी आहे, आणि आपल्या जुन्या जाणत्यांची नजर त्या बाबतीत कोणत्याही पुस्तकाहून तीक्ष्ण आहे. वळूची गोष्ट निराळी आहे. दूध हा गुण त्याच्या अंगावर दिसतच नाही; तो त्याच्या आईत, बहिणींत आणि उशिरा का होईना त्याच्या मुलींत दिसतो. आई पहिल्यांदा कोणत्या वयात व्याली, त्यानंतर किती दिवसांनी पुन्हा गाभण राहिली, महिन्यातून एकदा तरी सकाळ-संध्याकाळचे दूध मोजून पाहिले तेव्हा किती भरले, कासेला दगडी (कासदाह) झाली होती का, २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा ती कशी निभावली, या नोंदी ज्या गोठ्यात आहेत त्याच गोठ्यातला गोऱ्हा राखण्यालायक आहे. एका वेताला उच्चांकी दूध देऊन पुढे दोन वर्षे भाकड राहिलेल्या गाईपेक्षा, मध्यम दूध देऊन तेरा-चौदा महिन्यांनी नेमाने विणारी आणि आपल्याच कडब्यावर तब्येत टिकवणारी गाय मला वळूची आई म्हणून कधीही अधिक पसंत पडेल.

वाढीची तुलना करायची तर ती न्यायाने करावी. जी वासरे थोड्याफार फरकाने एकाच हंगामात जन्मली, एकाच गोठ्यात आणि एकाच चाऱ्यावर वाढली, त्यांचीच आपसात तुलना होऊ शकते. मृगाच्या तोंडावर जन्मलेला आणि श्रावणात जन्मलेला असे दोन गोऱ्हे शेजारी उभे केले तर मोठा नेहमीच मोठा दिसणार. तिकडे यासाठी वजन २०५ दिवसांच्या वयावर आणून तोलतात आणि आईच्या वयाप्रमाणे त्यात दुरुस्तीही करतात. हिशेब सोपा आहे. समजा, दोघांचेही जन्माचे वजन २४ किलो होते. पहिला २४० दिवसांचा होऊन १४४ किलो भरला, म्हणजे रोज अर्धा किलो वाढला. २०५ दिवसांना त्याचे वजन एकशे साडेसव्वीस किलो धरावे लागेल. दुसरा १८० दिवसांत १२३ किलो झाला, म्हणजे रोज ५५० ग्रॅम वाढला. त्याचा आकडा जवळपास १३७ किलो येतो. नजरेला लहान दिसणारा दुसराच सरस ठरला.

अर्थात या हिशेबालाही आपल्या गोठ्यात एक मेख आहे. मांसासाठीच्या कळपात वासरू आईचे सगळे दूध पिते, आपल्याकडे त्याला किती सड सोडायचे हे धनी ठरवतो. संकरित गोऱ्हा म्हटले की त्याच्या वाट्याला पान्हा सोडण्यापुरतेच दूध येते. त्यातल्या एखाद्यावर घरातल्या कोणाचा जीव जडला तर त्याला दूध, पेंड, भरडा सगळे मिळते आणि वर्षभरात तो इतरांच्या दीडपट दिसू लागतो. मग लोक म्हणतात, काय रक्त आहे! ते रक्त नसते, भरडा असतो. म्हणून वळू राखायचा विचार असेल तर निदान चार-सहा गोऱ्ह्यांना सहा महिन्यांपर्यंत सारखे दूध व सारखा चारा द्यावा आणि मग त्यातून निवड करावी. एका घरी तेवढे गोऱ्हे नसतील तर गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून हे करता येते.

वजनकाटा नाही ही सबब चालण्यासारखी नाही, कारण शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्यावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. घेर ६४ इंच आणि लांबी ५६ इंच असेल तर वजन सुमारे ३४८ किलो येते. जनावर सपाट जागी, चारी पायांवर सरळ उभे असावे आणि माप सकाळी चारापाण्यापूर्वी घ्यावे. हा अंदाज आहे, पण सर्व गोऱ्ह्यांना एकाच हाताने मोजले तर तुलनेपुरता तो विश्वासार्ह असतो.

अंग मोठे म्हणजे वळू चांगला, हे समीकरणही आपल्या भागाला पेलणारे नाही. जनावराला त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा रोज लागतो. चारशे किलोच्या गाईला दहा किलो पुरत असेल तर पाचशे किलोच्या गाईला साडेबारा लागेल. रोजच्या अडीच किलोंचा फरक वर्षाकाठी नऊशे किलोंवर जातो. ज्या मराठवाड्यात दर काही वर्षांनी चारा छावण्या उभ्या कराव्या लागतात आणि ज्वारीचा पेरा घटल्याने कडबा आधीच महाग झाला आहे, तेथे एवढ्या जादा चाऱ्याच्या बदल्यात जादा दूध मिळणार आहे का, हे वळू निवडतानाच विचारायला हवे. खरे तर दांडग्या वळूचा पहिला फटका विणीच्या वेळी बसतो. अंगाने लहान असलेल्या पहिलारू कालवडीला मोठ्या हाडाच्या वळूकडून भरवले की वासरू अडते, आणि मग रात्री-अपरात्री डॉक्टरांची शोधाशोध सुरू होते.

प्रजननाची तपासणी हा तर आपल्याकडे जवळजवळ न शिवलेला विषय आहे. मांसाच्या जातींसाठी तिकडे पंधरा महिन्यांपर्यंतच्या वळूच्या अंडकोषाचा घेर किमान ३० सेंटिमीटर असावा, वीर्यातील किमान ३० टक्के शुक्रजंतू सरळ पुढे सरकणारे आणि किमान ७० टक्के नीट घडणीचे असावेत, असा दंडक आहे. आपले देशी वळू उशिरा वयात येतात, त्यामुळे तो आकडा वयासह जसाच्या तसा त्यांना लावू नये. पण संकरित गोऱ्ह्याला तो मापदंड म्हणून वापरायला हरकत नाही. घेर मोठा असलेल्या वळूच्या मुली लवकर माजावर येतात, हेही अभ्यासातून दिसलेले आहे, म्हणजे हे माप केवळ त्याच्यापुरते राहत नाही. उदगीर व परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय आपल्या विभागातच आहे.

रोगांच्या बाबतीत तर गावच्या वळूची परिस्थिती चिंताजनक आहे. ज्या गाई दोन-तीनदा कृत्रिम रेतन करूनही उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, त्या शेवटचा उपाय म्हणून वळूकडे नेल्या जातात. वारंवार उलटण्यामागे अनेकदा गर्भाशयाचा संसर्ग असतो, आणि तोच वळू दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या निरोगी कालवडीवर जातो. ट्रायकोमोनास, कॅम्पायलोबॅक्टर यांसारखे संसर्ग वळूच्या अंगावर दिसत नाहीत. तो धडधाकट राहतो आणि गाई मात्र गाभडतात किंवा उलटत राहतात. गाई गाभडवणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, गोऱ्ह्यांना ती देत नाहीत, त्यामुळे वळूची रक्ततपासणी हाच मार्ग उरतो. ती वर्षातून एकदा व्हावी, आणि उलटणारी गाय डॉक्टरांनी तपासल्याशिवाय वळूकडे नेऊ नये, हा नियम ग्रामसभेने केला तरी पुष्कळ काम होईल.

एवढ्या चाळणीतून उतरलेला संकरित वळू कोणत्या गाईंना लावावा? माझ्या मते केवळ संकरित आणि कोणत्याच जातीत न बसणाऱ्या गावठी गाईंना, आणि तोही साधारण निम्म्या विदेशी रक्ताचा असेल तरच. शुद्ध देवणी आणि लाल कंधारी गाईंपासून त्याला लांबच ठेवावे. वानेरा, बालंक्या, शेवरा या देवणीच्या तिन्ही प्रकारांच्या चांगल्या गाई आता गावोगाव शोधाव्या लागतात. कंधार-लोहा-मुखेडच्या पट्ट्यातील लाल कंधारीची गोष्ट वेगळी नाही. आपल्याकडच्या गाईवर संकराचा प्रयोग करायचाच नाही, असे मी म्हणत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन व देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ हा गट सांभाळून त्याचा अभ्यास केला आहे, आणि राहुरीच्या ‘फुले त्रिवेणी’त निम्मे होल्स्टीन, पाव जर्सी व पाव गीर असे प्रमाण ठरवून घेतलेले आहे. ही कामे नोंदींसह, मोठ्या कळपावर आणि माहीतगार माणसांच्या देखरेखीखाली झाली. गावच्या चराईत मोकळा फिरणारा, बाप ठाऊक नसलेला गोऱ्हा हे काम करू शकत नाही. देवणी गाईसाठी देवणीच वळू हवा. तो घरचा असेल तर उत्तमच, नसेल तर राज्याच्या पशुधन विकास मंडळाच्या कांड्या आहेत.

वळू कितीही गुणी असला तरी त्याच्या मुली माजावर येण्याच्या आत तो गावातून हलला पाहिजे. बाप-मुलीच्या संबंधातून होणाऱ्या वासरात रक्तसंबंधाचे प्रमाण २५ टक्के असते. वासरे खुरटी होणे, जगण्याचे प्रमाण घटणे, गाभण राहण्यास अडचण येणे, हे सगळे त्यातून येते. जनावरांच्या कानात आता बारा अंकी बिल्ले आहेत. त्या अंकांपुढे आई-बापाचे अंकही लिहिले जातील तर शेजारच्या दोन-तीन गावांनी वळूंची अदलाबदल करणे अजिबात कठीण नाही.

न निवडलेल्या गोऱ्ह्यांचे काय करायचे, हा प्रश्न निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. बैलाची मान व वशिंड भरावे म्हणून आपल्याकडे गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा होईपर्यंत खच्ची करत नाहीत. देवणी गोऱ्ह्याच्या बाबतीत त्यामागे कारण आहे, कारण तो पुढे औताला जाणार असतो. संकरित गोऱ्ह्याला हे कारण लागूच होत नाही. तो वर्षाच्या आतबाहेर गाईंवर उडी घेऊ लागतो आणि चराईच्या कळपात त्याला कोणी अडवत नाही. म्हणजे आपण वर कितीही काटेकोर निवड केली तरी खरा वळू तोच ठरतो. सहा-आठ महिन्यांच्या आत त्याला डॉक्टरांकडून खच्चीकरणाचा चिमटा लावून घेणे हाच त्यावर उपाय आहे. म्हशींच्या बाबतीतही, हल्या मुऱ्हा संकराचा असो की मराठवाडी, बहुतेक हेच लागू पडते. तेथे वर सांगितलेल्या कत्तलबंदीच्या कायद्याची अडचण नाही एवढाच फरक.

या निमित्ताने जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागांना दोन विनंत्या आहेत. चिमट्याची शिबिरे गावोगाव मृगापूर्वी घ्यावीत, कारण पाऊस पडून कुरणे हिरवी झाली की सगळी गुरे एकत्र चरायला सुटतात. आणि माळेगावसह सर्व पशुप्रदर्शनांत वळूच्या गटातील प्रत्येक जनावरासोबत त्याच्या आईची दूध व विणीची नोंदवही, तसेच चालू वर्षाचा ब्रुसेलोसिस तपासणीचा दाखला मागावा. ज्याच्याकडे हे दोन्ही नसेल, त्याचा वळू कितीही देखणा असला तरी त्याला बक्षिसासाठी धरू नये.

कळावे,

आपला,
एक पशुपालक वाचक,
ता. उदगीर, जि. लातूर